पिवळ्या रेनकोटचा आकडा

गुरुवारी सकाळी फिनलंडची पाहुणी इर्मेली जिन्यावरून घसरली, तेव्हा घरमालकीण नुन्झियाने तिला आधी उचललं की आधी आकडा काढला, यावर गल्लीत अजूनही एकमत नाही. नुन्झिया म्हणते, उचलता उचलता काढला. समोरच्या बाल्कनीतली कार्मेलिना शपथेवर सांगते, की "छप्पन!" ही आरोळी आधी आली आणि "लागलं का हो?" नंतर.

छप्पन म्हणजे पडणं. हे नेपल्समध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मांजर तीन, कॉफी बेचाळीस, हसणं एकोणीस, रडणं पासष्ट. स्वप्नात दिसो की जिन्यात घडो, जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक ते नव्वदमधला आकडा आहे आणि लॉटरीच्या सोडतीच्या आधी तो लावायचा असतो. इर्मेलीला खरचटलंसुद्धा नव्हतं. तिच्या हातातली कॉफी मात्र पाच पायऱ्या वाहत गेली.

"छप्पन आणि बेचाळीस," नुन्झियाने हिशेब पक्का केला.

"बेचाळीस कसले?" कार्मेलिना समोरून ओरडली. "बुडावर आपटली ती! मी डोळ्यांनी पाहिलं. बुडाचे सोळा!"

"पाहुण्या बाईच्या बुडाचा आकडा लावतेस? लाज नाही वाटत?"

"आपटताना बुडाला वाटली नाही, मला का वाटावी?"

इर्मेली पायरीवर बसून रुमालाने जिना पुसत होती. "क्षमस्व, श्रीमती नुन्झिया," ती म्हणाली. "मी आपला जिना अस्वच्छ केला." तीन हिवाळे संध्याकाळच्या वर्गात बसून ती इटालियन शिकली होती आणि अजून क्रमिक पुस्तकाबाहेर आली नव्हती.

ती एकोणसाठ वर्षांची, कुठल्याशा लहान गावात ग्रंथपाल. गेल्या रविवारी एक बॅग आणि एक पिवळा रेनकोट घेऊन नुन्झियाच्या भाड्याच्या खोलीत उतरली, ती एकटी. एकटी हिंडायची, एकटी जेवायची आणि जेवताना तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं पुस्तक वाचायची. ते प्रार्थनेचं पुस्तक असणार, असं नुन्झियाने ठरवून टाकलं. आमच्याकडे एकटं जेवणारं माणूस एक तर सुतकात असतं, नाहीतर पोलिसांपासून लपलेलं. इर्मेली रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या साबातिनोच्या तंबाखूच्या दुकानात जाऊन पोस्टाची तिकिटं घ्यायची. तंबाखू, तिकिटं आणि आकडे, तिन्ही त्याच्या एकाच काउंटरवर मिळतात.

"रोज पत्र लिहिते बिचारी," नुन्झिया येईल त्याला सांगायची. "नक्की कोणीतरी सोडून गेलाय मेला."

त्याच दुपारी इर्मेलीने पाहायच्या ठिकाणांच्या यादीची चौकोनी घडी उलगडली. "श्रीमती नुन्झिया, माझ्या यादीतली एकच गोष्ट शिल्लक आहे. लिंबांच्या मठाचं अंगण. तिथे मला एक तास संपूर्ण एकांतात बसायचं आहे. आपलं शहर सुंदर आहे, परंतु ते सतत माझ्याशी बोलतं."

 नुन्झियाने भिंतीवरच्या मादोन्नाच्या, मेरीमातेच्या, तसबिरीवर हात ठेवला. "बसाल बाई. घड्याळ लावून बसाल. या माउलीची शपथ, तिथे चिटपाखरू फिरकणार नाही."

संध्याकाळी आठला सोडत निघाली. नेपल्सच्या पाच आकड्यांत छप्पन होता, बेचाळीस होता. सोळा नव्हता.

शहाण्या बाईने मिळालेली रक्कम गुपचूप बटव्यात टाकली असती. नुन्झियाने पेस्ट्रीची पाच खोकी मागवली आणि गल्लीभर वाटली.

"कशाबद्दल हो?"

"माझ्या पाहुणीबद्दल! अहो, बाई नाही ती, चालतीबोलती सोडत आहे!"

हे तोंडातून निघताच तिला जीभ चावावीशी वाटली. पण जीभ तेव्हा पेस्ट्रीत होती.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला इर्मेली पिवळा रेनकोट आणि टोपी घालून बाहेर पडली. आभाळ निरभ्र होतं, पण तिचा आभाळावर विश्वास नव्हता. तिच्यामागे वीस पावलांवर कार्मेलिना निघाली. कार्मेलिनामागे तिचे दोन दीर, त्यांच्यामागे बगलेत आकड्यांची पोथी मारून न्हावी, आणि न्हाव्यामागे अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक. पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर हे शेपूट लांबत गेलं. इर्मेली रविवारी सकाळी विमानात बसणार होती. तिच्याकडून आकडे मिळायला दोनच दिवस उरले होते.

ती शिंकली. न्हाव्याने पोथी उघडली. ती एका कारंज्यापाशी थांबली. न्हाव्याने पान उलटलं. तेवढ्यात एक मांजर तिच्या पायांत घुटमळलं.

"तीन!" सगळे एकदम कुजबुजले. पंचवीस माणसांची कुजबुज म्हणजे गर्जनाच.

"थांबा, थांबा," न्हावी म्हणाला. "हे मांजर कार्मेलिनाचं आहे. हिच्याच पिशवीतून निघालं!"

"मग काय झालं? चालत तर ते आपल्याच पायांनी गेलं ना?"

वाद साबातिनोपुढे गेला. आकड्यांच्या बाबतीत त्याच्यावर अपील नाही. त्याने चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि निकाल दिला. "घडवून आणलेल्या गोष्टीचा आकडा लागत नाही. आणि बाईला सुगावा लागला तर पुढचे सगळेच आकडे मेले. पाहा, पण दिसू नका."

न दिसण्याची आमच्या गल्लीला सवय नाही. दुपारी इर्मेली मठाच्या अंगणात लिंबाखालच्या बाकावर बसली आणि तिने डोळे मिटले. अंगणाला चौदा खांब. त्यांच्यामागे पंचवीस माणसं. दहा मिनिटं कोणी हललं नाही. अकराव्या मिनिटाला कार्मेलिनाच्या धाकट्या दिराचा फोन वाजला. बायकोचा होता.

"मी? मठात आहे."

"मठात? तू?" पलीकडचा आवाज अंगणभर घुमला. "खरं सांग, कितवा ग्लास आहे?"

एकामागून एक खांब हसू लागले. इर्मेलीने डोळे उघडले, टोपी सारखी केली आणि ती निघून गेली.

"श्रीमती नुन्झिया, आपल्या शहरातले लोक फार भाविक आहेत," संध्याकाळी ती म्हणाली. "मठात बरीच गर्दी होती. एक गृहस्थ तर अर्ध्या दाढीनिशी प्रार्थनेला आले होते."

एवढंच. तिने तक्रार केली असती तर नुन्झिया भांडली असती आणि मोकळी झाली असती. पण इर्मेलीने ताटली विसळून जागेवर ठेवली, यादीची पुन्हा चौकोनी घडी केली आणि खोलीचं दार लावून घेतलं. नुन्झियाने तसबिरीकडे पाहिलं. मादोन्ना दुसरीकडे पाहत होती. नुन्झिया तडक बाल्कनीत आली.

"कार्मेलिना! उद्या तिच्या मागे कोणी जायचं नाही. मी माउलीपुढे शब्द दिलाय."

"शब्द तुझा, मग आकडा आमचा का बुडवतेस?" कार्मेलिनाने दोरीवरचा टॉवेल फटकारला. "तुझं बरंय, तुझे लागले. माझे सोळा अजून वर तोंड करून पडलेत!"

"सोळा कसे वर तोंड करतील गं?"

"तुला काय करायचंय? उद्या सगळी गल्ली जाणार म्हणजे जाणार!"

शनिवारी सकाळी नुन्झियाने इर्मेलीपुढे कॉफी ठेवली. "बाई, तो रेनकोट आणि टोपी द्या. इस्त्री करून ठेवते."

"रेनकोटला इस्त्री करतात?"

"नेपल्समध्ये करतात. आणि असं करा, मी बाहेर गेले की दहा मिनिटांनी मागच्या दाराने निघा. बोळातून सरळ मठात. आज तिथे कोणी नसेल."

इर्मेलीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग रेनकोट दिला.

नुन्झिया इर्मेलीपेक्षा वीतभर बुटकी आणि दीडपट रुंद. श्वास घ्यायचा नाही, या अटीवर बटणं लागली. टोपी नाकापर्यंत आली. दहा वाजून पाच मिनिटांनी ती पुढच्या दाराने बाहेर पडली आणि मठाच्या बरोबर उलट्या दिशेला, बंदराकडे चालू लागली. मागे चाळीस माणसं.

"आज जरा फुगल्यासारखी वाटते," न्हावी पुटपुटला.

"आठवडाभर नुन्झियाच्या हातचं खाल्लंय," कार्मेलिना म्हणाली. "तूही फुगशील."

नुन्झियाला ऊन जड गेलं नाही, चढ जड गेला नाही. जड गेलं ते तोंड मिटून चालणं. ओळखीचे सात जण भेटले, त्यांतल्या दोघांशी तिचं भांडण बाकी होतं, तरी ती फिनलंडच्या बाईसारखी मान तुकवून पुढे गेली. तिने चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी. अजून अर्धा तास या सगळ्यांना फिरवायचं होतं. आणि वाटेत मासळीबाजार लागला.

"ताजी माकुलं!" कोळी ओरडला. "आजची, आत्ताची!"

माकुलांचे डोळे तिला दहा पावलांवरून दिसले. ती पुढे गेली. थांबली. आणखी एक पाऊल गेली. आणि मग सोळा वर्षांची होती तेव्हापासून या बाजारात येणारी नुन्झिया गर्रकन वळली.

"आजची? मेल्या, तुझ्या आजीच्या लग्नाच्या पंगतीतून उरली होती ती हीच ना?"

 मागे कार्मेलिनाने छातीवर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले. "ऐकलंत? सात दिवसांत पोरगी आपली झाली हो! काय जीभ चालवते! आहा!"

न्हावी भराभरा पानं उलटत होता. मासा, आजी, लग्न, काय लावू आणि काय नको असं त्याला झालं. एवढ्यात समुद्रावरून वाऱ्याचा झोत आला आणि टोपी उडून माकुलांत पडली.



"नुन्झिया!" कार्मेलिना किंचाळली.

"कोण नुन्झिया?" नुन्झिया म्हणाली.

मग जो गलका झाला तो बंदरातल्या बोटींवर ऐकू गेला. दगाबाज, गल्लीद्रोही, खोटारडी! नुन्झियाने उत्तर द्यायला दीर्घ श्वास घेतला, त्यासरशी रेनकोटचं वरचं बटण सुटलं आणि न्हाव्याच्या कपाळावर आपटलं.

"शब्दाला जागले मी!" ती ओरडली. "बसलीय ती तिकडे लिंबाखाली, एकटी, निवांत! आता जायचं तर माझ्या अंगावरून जा!" आणि ती बाजाराच्या तोंडाशी हात पसरून उभी राहिली. तिच्या अंगावरून जाणं चाळीस जणांनाही सोपं नव्हतं.

साबातिनोने सायंकाळी निकाल दिला. "रेनकोट खरा, बाई खोटी. आकडा नाही." कित्येक वर्षांत प्रथमच शनिवारी गल्लीने काही लावलं नाही.

इर्मेली नेहमीप्रमाणे तिकिटं घेऊन परतली.

"मिळाला का हो एकांत?" नुन्झियाने भीत भीत विचारलं.

"पुरेसा मिळाला. आभारी आहे." आणि ती तपकिरी कव्हरचं पुस्तक उघडून जेवायला बसली.

आठला सोडत निघाली. एकतीस, त्रेचाळीस, बहात्तर, आणि आणखी दोन. कोणी ढुंकून पाहिलं नाही. साबातिनो मात्र दुकानाच्या दारात उभा राहून विनाकारण खोकत होता.

रविवारी सकाळी टॅक्सी आली. नुन्झियाने पाहुणीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. इर्मेली आधी लाकडासारखी ताठ राहिली, मग तिनेही घेतले, मोजून दोन. ती गेल्यावर नुन्झियाने टेबल आवरायला घेतलं, तर कॉफीच्या भांड्याखाली ते पुस्तक आणि एक चिठ्ठी. तिने पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. प्रार्थना कसली? आकड्यांची पोथी होती ती. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा.

"आदरणीय श्रीमती नुन्झिया," चिठ्ठीत लिहिलं होतं, "मठात मी बसले. एकांत संपूर्ण होता. चौदाव्या मिनिटाला मला कंटाळा आला, म्हणून मी बंदराकडे गेले. तिथे मला मी स्वतःच समोरून जाताना दिसले, आणि माझ्यामागे सगळी गल्ली. मग मीही सर्वांच्या मागून चालू लागले. पुढे पाहणाऱ्यांना मागचं माणूस दिसत नाही. माकुलांविषयी आपण जे बोललात ते मी वहीत उतरवून घेतलं आहे.

"नंतर मी पोथी पाहिली. घरमालकीण, एकतीस. बाल्कनीतली भांडकुदळ बाई, त्रेचाळीस; हे कृपया श्रीमती कार्मेलिना यांना सांगू नये. आश्चर्य, बहात्तर. आठवडाभर मी आपणा सर्वांवर रोज आकडे लावत होते, ते प्रथमच लागले. श्री. साबातिनो यांनी गुप्तता पाळली. पोस्टाची तिकिटं मला नको होती, ती खणात ठेवली आहेत. पुढच्या वर्षी याच आठवड्यासाठी खोली राखून ठेवावी. मठ यादीतून काढला आहे. रेनकोटचं बटण सापडल्यास जपून ठेवावं."

नुन्झिया चिठ्ठी छातीशी धरून बाल्कनीत आली आणि तिने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला. तिचे खांदे गदगदू लागले. समोर कार्मेलिना उभी होती. कालपासून तिने नुन्झियाशी अबोला धरला होता, आणि तो जन्मभर टिकवण्याचं जाहीर केलं होतं. अर्धा मिनिट ती नुसती पाहत राहिली. मग तिला राहवेना.

"अगं ए! एप्रन काढ तोंडावरचा! रडतेयस की हसतेयस? नीट सांग, पासष्ट लावू की एकोणीस?"

नुन्झियाने चिठ्ठीची घडी केली आणि खिशात खोल सारली.

"दोन्ही लाव!" ती ओरडली. "फक्त त्रेचाळीसच्या वाटेला जाऊ नकोस. तो काल येऊन गेला!"