पान चारवरचा मजकूर

"रविवारी धबधबा बघितल्यावर तू काय म्हणालीस?" लीलाधर मास्तरांनी बायकोला विचारलं. तो गुरुवार होता.

मंदाबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करताच त्या म्हणाल्या, "रविवार अजून यायचाय."

"ते मलाही ठाऊक आहे. पण मजकूर आज द्यायचाय."

"मग नेहमीचंच लिहा. अगंबाई, किती पाणी."

मास्तरांनी ते लिहून घेतलं. जळगावच्या एका शाळेत ते मराठी शिकवायचे आणि गेली तीन वर्षं 'साप्ताहिक तापीतरंग'मध्ये 'आम्ही उभयता' या नावाने प्रवासवर्णनं लिहायचे. या सदरात मास्तर आणि त्यांची 'सौ.' असे दोघं अजिंठ्यापासून तोरणमाळपर्यंत सगळा मुलूख पालथा घालून आले होते. प्रत्यक्षात मास्तर नाशिकच्या पुढे गेले नव्हते आणि मंदाबाई भुसावळच्या. शाळेच्या कपाटात एक जुनं गॅझेटियर होतं आणि भूगोलाच्या तासाचा नकाशा होता, तेवढ्यावर मास्तरांची भटकंती झकास चालली होती. मास्तर सूर्यास्त बघून गंभीर व्हायचे, आणि सौ. जिथे जाईल तिथे 'अगंबाई' म्हणायची. याखेरीज तिला लेखात काही काम नसे.

याचा ताप मात्र मंदाबाईंना व्हायचा. सोमवारी नळावर शेजारच्या यशोदाबाई खोदून खोदून विचारायच्या, "मंदाबाई, तोरणमाळचं तळं केवढं हो? थंडी किती होती?" नवऱ्याची लाज राखायची म्हणून मंदाबाईंना दर रविवारी लेख पाठ करावा लागे. लेखात नसलेलं कोणी विचारलं तर पदरचं घालावं लागे. तीन वर्षांत या कामात त्यांचा हात चांगलाच बसला होता.

पण या महिन्यात सहा वर्षांनी मास्तरांचा नंबर लागून स्कूटर दारात आली, आणि मंदाबाईंनी सांगून टाकलं, "या खेपेला मी अगंबाई म्हणायचं ते तिथे जाऊन म्हणेन." बोलण्यात सूर असा होता की मास्तरांनी मुकाट्याने शनिवार-रविवारचा बेत आखला. पाटणादेवीचं रान, केदारकुंडाचा धबधबा आणि येताना कुठल्यातरी मळ्यात भरीत. अडचण एवढीच, की 'तापीतरंग'चे मालक, मुद्रक आणि संपादक मदनलालशेठ यांचा खरा धंदा लग्नपत्रिकांचा होता. पत्रिकांतून छपाईचे खिळे रिकामे होतील तेव्हा साप्ताहिक निघायचं, आणि माघात ऐन लग्नसराईत ते गुरुवारनंतर रिकामे होत नसत.

"शेठ, सहल शनिवारी आहे. सोमवारी मजकूर दिला तर?" मास्तरांनी विचारून पाहिलं होतं.

"सर, तुम्ही सहल पुढच्या जन्मी करा," मदनलालशेठ म्हणाले, "मजकूर गुरुवारी पाहिजे."

तेव्हा मास्तरांनी नवराबायकोत असं ठरवून घेतलं, की आधी लिहायचं आणि मग जे लिहिलंय तेच जाऊन बघायचं, म्हणजे खोटेपणाचा प्रश्नच नको.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर दोघं निघाली. पाचोरा, भडगाव करत चाळीसगावला मास्तरांच्या मावसभावाकडे मुक्काम झाला. वाटेत पाचोऱ्याला मंदाबाईंनी शेवभाजी खाल्ली. इतकी झणझणीत की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी त्यांनी आणखी एक वाटी मागितली. मास्तरांनी घाई केली, कारण लेखात शेवभाजी नव्हती.

रविवारी सकाळी दोघं केदारकुंडावर पोचली. लेखात तिथे 'शुभ्र फेसाळ जलधारा गगनातून झेपावत' होत्या. माघात तिथे एक काळा कातळ होता, त्यावर ओलसर डाग होता, आणि खाली डबक्यात एक म्हैस बसली होती.

मास्तर बराच वेळ वर बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हण की."

"काय म्हणू?"

"किती पाणी."

"अगंबाई," मंदाबाई म्हणाल्या, "किती दगड."

पण मास्तर हिरमुसून म्हशीकडे बघत बसले असताना मंदाबाई मात्र एका खडकावर पाय सोडून बसल्या. सागाची पानं वाळून खाली पडली होती आणि कोणतंतरी पाखरू एकसारखं ओरडत होतं. लग्नाच्या अठरा वर्षांत पहिल्यांदाच अर्धा तास त्यांना कोणी हाक मारली नाही. धबधबा नसला म्हणून त्यांचं काही अडलं नाही. त्यांना फार बरं वाटलं, इतकं की आता असं पुन्हा पुन्हा यायचं असं त्यांनी मनाशी ठरवलंसुद्धा.

तेवढ्यात मास्तर उठले. "म्हणून मी सांगत होतो," ते म्हणाले, "घरी बसून लिहिलेलंच बरं. लेखात पाणी तरी असतं. आता ही स्कूटर शाळेपुरती. पुन्हा असली भटकंती नाही."

मंदाबाई खडकावरून उठल्या. मागच्या सीटवर बसताना त्यांनी त्या कातळाकडे एकदा वळून बघितलं, आणि त्यांना आपल्या नवऱ्याचा मनापासून राग आला.

भडगावच्या अलीकडे मागचं चाक बसलं. मास्तरांनी ऐटीत स्टेपनी काढली, तर तीही बसलेली. जादा चाकात हवा भरून ठेवायची असते हे गॅझेटियरात नव्हतं. दोघांनी मिळून स्कूटर ढकलत पुढचं गाव गाठलं. पाटी बघून मास्तर थबकले. गावाचं नाव चिंचखेडे होतं.

"हे तर लेखातलं गाव," मास्तर म्हणाले. "नकाशात बघून घातलं होतं मी."

फाट्यावर झुलालचं चहाचं दुकान होतं. फळीवर दहाच्या बसने आलेला 'तापीतरंग'चा अंक पडला होता. अंक म्हणजे एकच मोठा कागद, मधोमध दुमडलेला. त्यातलं मागचं अर्धं झुलालने भज्यांना लावलं होतं, आणि पुढचं अर्धं लोकांसाठी ठेवलं होतं. पहिल्याच पानावर 'आम्ही उभयता' बघून मास्तरांच्या अंगात वारं शिरलं. स्कूटर ढकलून आलेला शीण विसरून ते म्हणाले, "हे आम्हीच लिहिलंय बरं का."

झुलालच्या हातातला झारा कढईतच राहिला. "तुमीन? तो मास्तर तुमीन?" तो रस्त्यावर येऊन ओरडला, "अरे बठ्ठा या रे. भटू आबाना पाव्हना ऊना."

"भटू आबा म्हणजे?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

"तुमीनच त लिखेल शे. चिंचखेडाना भटू आबानी मळामा भरीत खावाडं. सकायपासून त्यानी वाट लागेल शे."

मास्तरांनी लेखातल्या आबाला काहीतरी नाव द्यायचं म्हणून भटू दिलं होतं. खानदेशात गावोगाव एखादा तरी भटू असतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. "मी जरा पंक्चरचं बघतो," असं म्हणून त्यांनी चाक उचललं आणि ते सायकलवाल्याच्या दुकानाकडे जवळजवळ पळालेच. मंदाबाई बाकावर एकट्या राहिल्या.

बघता बघता माणसं जमली. त्यांच्यातून एक किडकिडीत म्हातारा पुढे आला, म्हणजे त्याला एका धिप्पाड बाईने पुढे ढकललं. हे भटू आबा आणि ही त्यांची बायको भिकुबाई, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"ताई, तुमीनच सांगा," आबा काकुळतीला येऊन म्हणाले, "मी कोनलेच जेवाले घालं नही. आजलोंग कोनले चहा पाजा नही. गावले इचारा."

गावाने एकमुखाने माना डोलावल्या. याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं.

"पेपर काय खोटा बोलस?" भिकुबाईंनी झुलालला पुढे ओढलं. "वाच रे, ते भाकरनं."

झुलालने एकेक अक्षर लावत वाचलं, "आबांच्या मळ्यात एका मितभाषी लक्ष्मीने कळण्याच्या भाकरी थापल्या."

"मितभाषी म्हणजे काय?" भिकुबाईंनी विचारलं.

"कमी बोलणारी," मंदाबाईंनी सांगितलं.

"मंग ती मी नही," भिकुबाई म्हणाल्या. "मन्हा मळामा, मन्हा तवावर, कोन भाकरी थापी गयी? आज माले ती बाईनं नाव पाहिजे, नहीतर मी चालनू माहेरले."

आबांच्या चेहऱ्याकडे बघून मंदाबाईंना गलबलून आलं. खरं सांगावं तर नवऱ्याची अब्रू या फाट्यावरच जाणार आणि चार दिवसांत शाळेपर्यंत पोचणार. गप्प बसावं तर म्हातारपणी या बिचाऱ्याचा संसार मोडणार. त्यांनी तो अर्धा कागद हातात घेतला. लेख मध्येच तुटला होता आणि खाली छापलं होतं, 'पुढील मजकूर पान चारवर'.

"पान चार कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

झुलालने भज्यांकडे बोट दाखवलं.

"असू द्या," मंदाबाई सावरून बसल्या. "मला पाठ आहे. अक्का, तुम्ही गेल्या आठवड्यात कुठे गावाला गेला होतात का?"

"भडगावले. बहिणकडे. मंगळवारना रोज."

"तेच. पान चारवर लिहिलंय, की मंगळवारी आम्ही आलो तेव्हा आबांच्या घरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून आमच्या सौ.नेच पदर खोचला आणि भाकरी थापल्या. ती लक्ष्मी म्हणजे मी. मी फार कमी बोलते."

भिकुबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. "मंग माले सांगं का नही?"

"तेही लिहिलंय," मंदाबाई म्हणाल्या. "आबा म्हणाले, घरधनीण नसताना पाहुणे जेवले हे कळलं तर ती जिवाला लावून घेईल. तिच्या हातच्या भरताची चव दुसऱ्या कोणाच्या हाताला नाही. येत्या रविवारी या, तिच्या हातचं जेवा."

भिकुबाईंचा चेहरा पालटला. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती आणि एवढं कौतुक त्यांनी नवऱ्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं, तेही नवऱ्याने तोंड न उघडता. "आज रविवारच शे," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर आलो," मंदाबाई म्हणाल्या.

आता आबा पेचात सापडले. यातला शब्द न् शब्द खोटा आहे हे साऱ्या गावात त्यांनाच ठाऊक होतं. पण खोटं म्हटलं तर बायको माहेरी, आणि खरं म्हटलं तर पाहुणे पंगतीला. ते मंदाबाईंजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "ताई, पेपरमा कितला वांगा लिखेल शेत?"

"चार."

"चार वांगास्मा काय व्हस?" भिकुबाई कडाडल्या. "धा तोड."

"आन आम्हना जेवननं काही लिखेल शे का पान चारवर?" झुलालने आशेने विचारलं.

मंदाबाईंनी आबांकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते. "पान चार लहान आहे," त्या म्हणाल्या.

मास्तर चाक घेऊन आले तेव्हा मळ्यात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती. आपल्याला मार पडायच्या ऐवजी पाट का मांडतायत हे त्यांना समजेना, पण बायकोने डोळ्यांनीच दटावल्यावर ते बसले. हिरव्या मिरच्यांचा ठेचा, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि वरून तेल. भरीत असं झालं होतं की मास्तरांनी आपल्या लेखात वापरलेली सगळी विशेषणं त्याच्यापुढे शिळी वाटत होती. पहिला घास पोटात गेल्यावर आबासुद्धा सैलावले. आपल्याच मळ्यातलं वांगं त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पोटभर खाल्लं असावं.

"आखो काय लिखेल शे पान चारवर?" भिकुबाईंनी भाकरी वाढत विचारलं.

मंदाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. मास्तरांचा घास हातातच थांबला.

"शेवटची दोनच वाक्यं आहेत," त्या म्हणाल्या. "आम्ही उभयता पुढच्या रविवारी तोरणमाळला पुन्हा जाणार, आणि यापुढे दर महिन्याला एक गाव बघणार. असा शब्द मास्तरांनी आबांच्या मळ्यात, अन्नावर हात ठेवून दिला."

"खरं का हो मास्तर?" आबांनी विचारलं. खोटं छापलेलं निस्तरताना काय होतं ते सकाळपासून भोगलेला माणूस होता तो, त्याच्या डोळ्यांत जरा सुडाची चमक होती.

मास्तरांनी पंगतीकडे बघितलं, कुडापलीकडून डोकावणाऱ्या गावाकडे बघितलं. "छापलंय ना," ते पडेल आवाजात म्हणाले, "मग खरंच."

सोमवारी नळावर मंदाबाईंनी यशोदाबाईंना सगळं खरं सांगितलं. पाणी नव्हतं, म्हैस होती, चाक बसलं. यशोदाबाई हसत सुटल्या. "पुरे हो मंदाबाई. चांगल्या फेसाळ धारा होत्या की पेपरात. आम्ही काय तुमची स्कूटर मागणार आहोत थोडंच?"

घरी आल्या तो मदनलालशेठ खुर्चीत बसलेले. "सर, एक घोटाळा झाला," ते सांगत होते. "तुमचा लेख पान चारवर चालू ठेवायचा होता, पण ऐन वेळी सरकीच्या पेंडीची जाहिरात आली. उरलेला मजकूर गेलाच नाही. आणि कागदही कुठे सापडत नाही. पुढल्या अंकात टाकू. शेवट काय होता, तेवढं परत लिहून द्या."

म्हणजे पान चार कोणी वाचलं असतं तरी तिथे पेंडच होती. या लेखाला आता शेवट एकच होता, आणि तो मास्तरांनी लिहिलेला नव्हता. मास्तरांनी मान खाली घातली. "हिला विचारा," ते म्हणाले. "हिला पाठ आहे."

"लिहा," मंदाबाई म्हणाल्या. मास्तरांनी टाक घेतला, चिंचखेड्याचं भरीत आलं, भिकुबाईंचा हात आला, अन्नावरचा शब्दही आला. सगळ्या मजकुरात 'अगंबाई' एकदाही आलं नाही. मदनलालशेठ कागद घडी करून उठले आणि सवयीने म्हणाले, "आणि तोरणमाळचं नवं येत्या गुरुवारी द्या, सर."

"सोमवारी मिळेल," मंदाबाईंनी आतून सांगितलं. "आधी जाऊन येतो."