राऊत सरांच्या मुद्दाम केलेल्या चुका

राऊत सर शिकवताना मुद्दाम चुका करतात. तारापूरच्या कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिशियन असलेला हा माणूस कॅमेऱ्यापुढे बसून अगदी शांतपणे सांगतो, "मोटर उलटी फिरायला लागली, तर ती सोडवायची आणि उलटी करून बसवायची." स्क्रीनवर चाळीस अंगठे वर येतात. "ओके सर."

मी बोईसरच्या त्याच संस्थेत कॉम्प्युटर शिकवते. सरांच्या ऑनलाइन वर्गाचा कॅमेरा आणि माइक सांभाळणं माझ्या गळ्यात पडलंय. पहिल्या दिवशी वाटलं, म्हातारबुवांना भ्रम झाला. मी समोरून खुणा केल्या, तर वर्ग संपल्यावर मलाच झापलं. "मॅडम, तुमी कशाला मधे पडता? त्यांना बोलू द्या." मग खिशातून वही काढून दाखवली. त्या दिवशीच्या चुका नंबर घालून लिहिलेल्या, आणि प्रत्येकीपुढे पकडणाऱ्याच्या नावासाठी जागा सोडलेली. तीन महिने ती जागा कोरीच राहिली.

मुलं काही वाईट नव्हती हो. कोणी कारखान्यातली पाळी संपवून खोलीवर आडवं पडून ऐकायचं, कोणी किनाऱ्यावरच्या एडवणहून, कोणी डोंगरातल्या पाड्यावर रेंज शोधत. परीक्षेत मात्र सगळ्यांना पैकीच्या पैकी, कारण उत्तरं ग्रुपवर आधीच फिरलेली असायची. ऑफिस खूश. सर म्हणायचे, "हे शिकले नाय. हे नुसते हजर हायत."

आणि एक दिवस त्यांनी माझ्यापुढे जाहीरच केलं, 'मला एकाने तरी अडवल्याशिवाय सर्टिफिकेटवर सही करणार नाही.' त्या कागदावर मुलांच्या नोकऱ्या अडलेल्या. मी चांगली भांडले. "तुमच्या हट्टापायी चाळीस पोरं का लटकवता?"

"उद्या विजेच्या पॅनलमधे हात गेला म्हणजे? तवा सर्टिफिकेट दाखवणार काय?"

चूक करून झाली की सर स्क्रीनकडे वाकून वाट बघायचे. स्टेशनवर कुणाला घ्यायला आलेला माणूस गाडी रिकामी झाली तरी डब्यांत बघत राहतो, तसे. मला त्यांचा राग यायचा, आणि बघवतही नसे.

शेवटच्या तासाला, मी माइक चालू करायच्या आधी, त्यांनी वही माझ्यासमोर टेबलावर पालथी टाकली. "आज एकपण चूक नाय लिहिली. हरलो. सरळ शिकवतो." विषय होता वाडीवरचा पाण्याचा पंप. "प्लग काढला, झाकण उघडलं, आता कंडेन्सरची वायर सोडवायची," असं म्हणून सर पुढे निघालेसुद्धा.

"सर, जरा थांबता का?"

माकुणसार गावची सुनंदा. तीन महिन्यांत तिचा माइक कधी उघडला नव्हता. "आदी कंडेन्सर डिस्चार्ज करायचा ना? प्लग काढला तरी त्याच्यात करंट राहतो. माज्या बाबांचा हात असाच भाजलाय."

सरांनी 'शाब्बास, मुद्दामच चुकलो होतो' म्हटलं असतं तर अब्रू राहिली असती. वहीचं गुपित फक्त मला ठाऊक होतं. त्यांनी चष्मा काढला. "पोरी, ही मुद्दाम नाय केली. मी खरंच विसरलो. तू बरोबर हाय."

मग एकेक माइक उघडायला लागले. मोटर उलटी बसवायची नसते, नुसती दोन वायरींची अदलाबदल करायची, हे निम्म्या वर्गाला तेव्हाच कळलं होतं. एक जण चाचरत म्हणाला, "पण सर, तुमी मोठी माणसं. तुमाला चुकलात आसं कसं सांगायचा?"

वर्ग दोन तास लांबला. मुलं विचारत होती, सर उत्तरं देत होते, मधेच अडखळत होते. त्यांचा आवाज इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता.

संध्याकाळी सर्टिफिकेटवर सह्या करता करता ते थांबले.

"मॅडम, कारखान्यात पॅनलवर आमी नेहमी दोघं असायचो. एकाने काम करायचं, दुसऱ्याने त्याच्या हातावर नजर ठेवायची. माझा जोडीदार मला शिव्या घालून हात मागे खेचायचा. तो गेल्याला सहा वर्षं झाली. तेवापासून सगळे मला 'हो सर' म्हणतात. लय एकटं वाटतं हो."

एरवी मी काहीतरी खवचट बोलले असते. त्या दिवशी पुढचा कागद त्यांच्यासमोर सरकवला आणि सही होईपर्यंत शेजारी बसून राहिले.