चमकणाऱ्या पेशींची पाहणी

जिवंत पेशींत सोन्याचे अतिसूक्ष्म कण सोडून त्या चमकवण्याचे काम संशोधिकेने चार वर्षे खपून तडीस नेले. निळा प्रकाश पडला की कण लाल चमकत आणि पेशी कशी हलते, कशी वाढते हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसे. एका नव्या औषधाने पेशी जगतात की मरतात, हे आता त्यावरून ठरायचे होते.

सोमवारी पाहणी समिती येणार होती. रविवारी पेशींना ऊब देणारी पेटी बंद पडली. संशोधिकेने देखभाल विभागाला फोन लावला.

"दुरुस्तीच्या अर्जाला आमचा तपासणी दाखला जोडा," विभाग म्हणाला.

"मग येऊन तपासा ना!"

"बंद यंत्राची तपासणी होत नाही, बाई. आधी चालू करा."

सोमवारी सकाळपर्यंत पेशी मेल्या. संशोधिका तडक संचालकांकडे गेली. त्यांनी येऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"चमकतायत की!"

"कण चमकतायत, सर. सोन्याला काय धाड भरलीय? पेशी गेल्या."

"प्रकल्पाचं नाव काय?"

"जिवंत पेशींचं चिन्हांकन."

"चिन्ह आहे ना? मग जिवंतच. नावातच लिहिलंय."

तिने समितीच्या अध्यक्षांनाही स्पष्ट सांगितले. अध्यक्षांनी तक्ता चाळला. त्यात 'चमक' असा रकाना होता. 'जीव' असा नव्हता.

"इतक्या शिस्तीच्या पेशी मी पाहिल्या नाहीत," ते कौतुकाने म्हणाले. "जिवंत पेशी वळवळतात हो, फोटो हलतो."

मग त्याच पेशींवर औषध सोडण्यात आले. एकही पेशी नव्याने मेली नाही. औषध निर्धोक ठरले. संशोधिकेने सही नाकारली, तेव्हा 'सहकार्याचा अभाव' असा शेरा मारून तिचे नाव अहवालातून वगळण्यात आले.

लाल चमकत्या पेशींचा फोटो फोनोफोनी पसरला. मावशीने तिला फोन केला.

"काय गं सुंदर दिसतायत!"

"मावशी, मेल्यात त्या."

"असू दे गं, मी सगळ्यांना पाठवलाय. ते औषध गुडघ्याला चालेल का?"

फोटो आपल्यालाही आला होता. आपण त्याखाली 'अभिमान वाटतो' असे लिहिले. पेशी जिवंत आहेत का, एवढे कुणी तरी विचारले असेल म्हणून संशोधिकेने एकूण एक प्रतिक्रिया वाचली. आपलीसुद्धा.