सोनकांबळेंचे सात सेकंद

आमच्या ऑफिसातले सोनकांबळे गळ्यात स्टॉपवॉच घालून फिरतात. खेळाशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते लोकांचं गप्प बसणं मोजतात. आपण "मी काय म्हणतो..." म्हणून डोकं खाजवलं की तिकडे त्यांचं बटण दाबलं जातं. मध्ये दुसरा कुणी बोललाच तर हात वर करून म्हणतात, "थांबा की. ते अजून बोलून राहिलेत."

काम तसं साधं होतं. दुष्काळात गावातून फोन करायचा, गावाचं नाव आणि टँकर किती हवेत ते बोलायचं, बाकी सगळं सॉफ्टवेअर लिहून घेईल. नांदेडच्या आमच्या छोट्याशा कंपनीनं ते बनवलं, आणि ते भलतंच लिहू लागलं. आम्ही माइकला दोष दिला, मोबाइलच्या रेंजला दिला, गावाकडच्या वाऱ्यालाही दिला. सोनकांबळे भोकरकडच्या खेड्यांत आठवडाभर हिंडून आले आणि म्हणाले, "मशीनला दमच न्हाई. माणूस आठवायला थांबला की याला वाटतं, झालं."

खरंच, माणूस दोन सेकंद थांबला की मशीन कान बंद करायचं आणि उरलेलं मनानंच लिहायचं. त्यांनी दोनाचे सात केले. चुका कमी झाल्या. साहेबांनी स्वतः बोलून पाहिलं, "चाकूर, दोन टँकर." मशीन ढिम्म, सात सेकंद संपायची वाट बघत. साहेबांनी त्याला चार शेलके शब्द सुनावले, मशीननं तेही इमानेइतबारे लिहून घेतले.

"दोनच ठेवा," साहेब कडाडले.

"मग मला यातून काढा, सर," सोनकांबळे शांतपणे म्हणाले.

मी आणि सोनकांबळे लातूरला सॉफ्टवेअर दाखवायला निघायच्या सकाळी साहेबांनी मला बाजूला घेतलं. "गुपचूप दोन कर." मी केले. शेवटी साहेब ते साहेब.

वाटेत चाकूरला सोनकांबळेंच्या घरी टेकलो. त्यांचे वडील खाटेवर बसले होते. लकव्यानं त्यांची जीभ जड झाली होती. मला बघून म्हणाले, "तुमी..." आणि थांबले. मी जरा वाट पाहिली, मग "येतो बाबा, उशीर होतोय," म्हणत उठलो. सोनकांबळेंनी माझं मनगट धरलं. स्टॉपवॉचला मात्र हात लावला नाही.

"...जेवून जावा," बाबा म्हणाले.

पिठलं-भाकरी खाऊन आम्ही निघालो. गाडीत सोनकांबळे खिडकीबाहेर बघत बोलले, "वर्षभर मीच फोन ठेवून द्यायचो. वाटायचं, झालं बाबांचं. मग शेजारच्या काकू म्हणाल्या, तू ठेवतूस, अन् ते फोन कानाला लावून तसंच बोलून राहतेत."

मला माझीच लाज वाटली. लॅपटॉप उघडला आणि दोनाचे सात केले.

"काय करून राहिलात?" त्यांनी विचारलं.

मला काय सांगावं ते चटकन सुचेना. ते थांबले.