न मोडणारी भाकर

मोताळ्याच्या बसस्टँडसमोरच्या ‘रोलभाकर’ नावाच्या छोट्या दुकानात बाजाराच्या दिवशी एक अनोळखी माणूस आला. त्याने एक रोल घेतला, खाण्याआधी दोन्ही हातांनी वाकवून पाहिला आणि खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं. दुकान चालवणाऱ्या संघर्षला तिथेच संशय आला.

संशयाला कारण होतं. गेल्या वर्षी त्याने ठेचा सँडविच काढलं, तर नवव्या दिवशी समोरच्या दुकानातल्या वैजनाथने तेच काढलं, वर त्यात चीज घातलं. तेव्हा संघर्षने ठरवलं, आता असं काढायचं की कोणाला जमू नये. कल्पना आईची होती, पण आईला ते माहीत नव्हतं. चांगुणाबाई कापूस वेचायला जाताना कळण्याच्या भाकरीत झुणका गुंडाळून चालता चालता खायची. तेच कागदात बांधून विकायचं. अडचण एकच होती. ज्वारी-उडदाची ती भाकर गुंडाळली की मोडते. चांगुणाबाईचा निम्मा झुणका रस्त्यावर सांडायचा. दोन महिने पीठ वाया घालवल्यावर संघर्षला युक्ती सापडली आणि भाकर मोडायची थांबली. तेव्हापासून तो पीठ पडद्याआड मळत असे.

पडद्याआड आणखी एक गोष्ट होती. जानेफळच्या मनालीचा फोटो. ती मेहकरला कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होती. आईने स्थळ म्हणून दाखवलेला फोटो संघर्षने परत दिलाच नव्हता. पिठाच्या डब्यावर चिकटवून तो तिकडच्या उत्तराची वाट पाहत होता.

“भाकर मोडत नाई, काऊन बरं?” डायरीवाल्याने विचारलं.

“मोडते ना काका. रोज निम्म्या फेकून देतो.”

“सोता करता?”

“नाई हो. शिळ्या इकत आनतो.”

माणसाने तेही लिहून घेतलं. “अन् धंदा कसा हाय?”

“बसला. पुढच्या महिन्यात कुलूप लावतो अन् सुरतले जातो.” आपलं खोटं किती सफाईने जमलं, या आनंदात संघर्षने त्याला वर एक तळलेली मिरची दिली.

दुसऱ्या दिवशी तो माणूस पुन्हा आला आणि जाताना शेजारच्या पानटपरीवर बराच वेळ थांबला. टपरी धम्मदीपची, संघर्षच्या मित्राची.

“काय इचारत होता बे तो?”

“तुह्याबद्दल. जागा कोनाची, पोरगा कसा, सकायी उठतो कवा.”

“उठतो कवा? म्हंजे पीठ मळायची येळ काढून राह्यला! वैजनाथचाच मानूस हाय. पुन्हा आला त लय वाईट सांगजो.”

“किती वाईट?”

“त्याले कीव आली पाह्यजे.”

धम्मदीप मित्रासाठी जीव टाकणारा. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं की संघर्ष सकाळपासूनच पितो, हात थरथरतात, म्हणून भाकरी बाहेरून आणाव्या लागतात. झेरॉक्सवाल्याला आणि चपलांच्या दुकानदारालाही त्याने पढवून ठेवलं होतं. चपलावाल्याने तर डोळे पुसले. डायरीवाल्याने चार रोल बांधून घेतले, संघर्षकडे दयेने पाहिलं आणि बस धरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चांगुणाबाई दुकानात आली ती चप्पल हातात घेऊनच.

“सुरतले कवा चाल्ला तू?”

“मी? काऊन?”

“अन् पेतं कवापासून? जानेफळवाल्यायनं सोयरीक नाई म्हनून कळवलं! पोरीचा मामा, कचरूमामा, तीन दिवस तुह्याच दुकानात बसून चौकशी करून गेला.”

“मले सांगतलं काऊन नाई तू?”

“चौकशी पोराले सांगून करतेत काय रे? आपल्याकडं कवा झालं असं?”

संघर्षने कचरूमामांना फोन लावला. मी पीत नाही, एक थेंबही नाही, असं शपथेवर सांगितलं.

“पेनारा मानूस असंच म्हनते,” मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या फोननंतर चौथ्या दिवशी एक मुलगी बसमधून उतरून सरळ दुकानात आली. संघर्षने तिला ओळखलं. तिच्या हातात तीच डायरी होती. ही आता कशाला आली असेल, या विचारातच त्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला.

“मामाची डायरी हाय,” मनाली शांतपणे म्हणाली. “चार गोष्टी लिहेल हायेत. तपासाले आली मी.”

“ते सारं—”

“थांबा. पह्यली, भाकर मोडते. मामानं आनलेले रोल पाच तास एस्टीत दाबल्या गेले, एकबी मोडला नाई. खोटं. दुसरी, शिळ्या इकत आनता. तुमच्या कोपरापर्यंत पीठ हाय. खोटं. तिसरी, दुकान बंद होऊन राह्यलं. मंग बाहेर पेंटर नवी पाटी कायची रंगवून राह्यला? चौथी, पेता म्हनून हात थरथरतात.” तिने ग्लासाकडे पाहिलं. निम्मं पाणी टेबलावर सांडलं होतं. “हे मात्र खरं दिसते.”

“ते आत्ताच सुरू झालं.”

मनाली हसली नाही. तिने डायरीतली ती चौथी नोंदही खोडली. “मले अकरा स्थळं आले. साऱ्यायनं सोताची तारीफच केली. खरं का खोटं, समजाले मार्ग नाई. तुमचं सारं खोटं पाच मिनटात सापडलं. इतकं कच्चं बोलनारा मानूस माह्यापासून काई लपवू शकत नाई.”

ही स्तुती होती की कसं, हे संघर्षला कळेना. हिला वैजनाथने तर पाठवलं नसेल, असाही विचार येऊन गेला. तेवढ्यात ती पुढे झुकली आणि हळूच म्हणाली, “जवस. रोल खाताच समजलं मले. उकळत्या पान्यात भिजवता, गाळता अन् त्या चिकट पान्यात पीठ मळता.”

संघर्षने दचकून समोर वैजनाथच्या दुकानाकडे पाहिलं आणि झटकन पडदा ओढला. घाईत तो उलट्या बाजूला ओढला गेला. परात, पातेल्यातलं जवस आणि डब्यावरचा फोटो, सगळंच उघडं पडलं.

“हात जोडतो,” तो म्हणाला, “कोनाले सांगू नका.”

मनालीने फोटोकडे पाहिलं. त्यावर पिठाची बोटं उमटली होती. तिने डायरी मिटून पर्समध्ये ठेवली.

“घरची गोष्ट बाहेर कोन सांगते?”