तोंडवळकरांच्या पडवीवरील पिंजऱ्याची मोहीम

श्रीगजाननाचे पायी माथा ठेवून आणि मालवणच्या समस्त थोरामोठ्यांची परवानगी घेऊन हे वर्तमान लिहिले जाते. मेढा वाडीतील रिकामी मंडळी चहाच्या दुकानी बसून नाना तऱ्हेच्या कंड्या पिकवितात. कोणी म्हणतो तोंडवळकरांकडे ससे होते, कोणी म्हणतो घुशी होत्या, आणि एकाने तर डुकराची पिल्ले होती ऐसेही शपथेवर सांगितले आणि ऐकणाऱ्यांनी माना डोलाविल्या. सबब खरे काय घडले ते आदीपासून अंतापर्यंत, पदरचे न घालता, लिहून ठेवणे प्राप्त जाहले. ज्यास पटेल त्याने वाचावे, न पटेल त्याने चहाचे दुकान गाठावे.

शके १९०७, क्रोधननाम संवत्सर, भाद्रपद लागावयास थोडे दिवस उरले होते. संवत्सराच्या नावाचा गुण कोणाच्या मुद्रेवर उतरला होता ते पुढे ओघाने येईल. राजमान्य राजश्री काशिनाथराव तोंडवळकर, तहसील कचेरीतील अव्वल कारकून, नुकतेच चाकरीतून फारीग होऊन घरी बसले होते. कचेरीत त्यांचा दरारा काय वर्णावा! रावांची खुर्ची करकरली की शिपाई उठून उभा राही. आणि घरी येऊन पाहतात तो कोणी उठेना, कोणी दबेना. हुकूम सोडावा तर तो माजघराच्या उंबऱ्यापाशीच गतप्राण होऊन पडे, कारण उंबऱ्यापलीकडे अंमल गृहस्वामिनी विमलाबाईंचा, आणि तेथे कचेरीचा शिक्का चालत नसे. मग राव पडवीत आरामखुर्ची टाकून पागोळ्या बघत बसत आणि मनी म्हणत, संपलो आपण, आता आपल्याला कोण विचारतो. दुखणे मोठे होते आणि त्यावर काढा नव्हता.

ऐसियास कन्या सुनीती, जी सावंतवाडीस कॉलेजात शास्त्र शिकत होती, ती एके शनिवारी एष्टीने आली आणि तिचे मांडीवर करंडी होती. करंडी उघडली तो आत दोन जीव, सोललेल्या नारळाएवढे, एक तांबूस आणि एक काळापांढरा, शेपूट नाही, मान नाही, नाक मात्र अखंड चाललेले. गिनिपिग ऐसे त्यांचे नाव. प्रयोगशाळेत यांची पैदास उदंड जाहली होती आणि उरलेल्यांचे पुढे काय होते ते कन्येने करंडी पोटाशी धरून सांगितले. म्हणाली, "बाबा, हे परत गेले तर थंय तेंका चिरतले."

इतक्यात विमलाबाईंची स्वारी हात पुशीत पडवीत दाखल जाहली आणि करंडीत एकवार दृष्टी टाकून त्यांनी फर्माविले, "उंदीर ते उंदीर. शेपटी काढली म्हणान ससे होतत?" मग कन्येचे डोळे पाहून अंमळ नरमल्या आणि कलमवार हुकूम जाहला की, चवथ तोंडावर आली आहे, गणपती घरात यावयाचा आहे, सबब पडवीत वास येता कामा नये, वास आला की पहिल्या एष्टीने दोघांची रवानगी सावंतवाडीस, आणि "ह्येंचा शेणमूत माझ्याच्यान काढूचा नाय." हे शेवटचे कलम त्यांनी रावांकडे बघून उच्चारिले. रावांनी आढ्याकडे पाहिले.

कन्या सोमवारी कॉलेजास परतली आणि जनावरांचा कारभार रावांचे गळ्यात पडला. राव प्रथम नाखूष होते, खोटे कशास लिहावे! तो त्याच सांजेस राव परसातून हरळीची जुडी घेऊन पडवीची पायरी चढले, आणि पावलांचा आवाज ऐकताच दोघे मागल्या पायांवर उभे राहिले, आणि अशी शीळ घातली की शेजारचा कुत्रा भुंकू लागला. राव जागीच थबकले. कचेरी सुटल्यापासून प्रथमच कोणी त्यांच्यासाठी उठून उभे राहिले होते. राव एकवार खाली उतरून पुन्हा वर चढले, पुन्हा शीळ, पुन्हा उभे! मग रावांचे डोळे पाणावले आणि त्यांनी इकडेतिकडे कोणी नाही ऐसे पाहून ते धोतराच्या सोग्याने टिपले. तांबड्यास शिरस्तेदार आणि काळ्यापांढऱ्यास नाझर, ऐसे हुद्दे तेथल्या तेथे बहाल केले. ज्या शिरस्तेदारांपुढे राव उभी हयात उभे राहिले, तो शिरस्तेदार आता रावांपुढे उभा राहत होता, मग आणखी काय पाहिजे! यांस चिरावयास धाडणे नाही, ऐसा रावांनी मनाशी निश्चय केला.

मग वाड्याची तजवीज. माळ्यावरून देवगडच्या हापूसची रिकामी पेटी उतरविली, आणि शेजारी बाबुश फर्नांडिस, जो बोटीवरची चाकरी पुरी करून घरी आला होता आणि ज्यास दुसऱ्याच्या कामात उभे राहून सल्ला देण्याचा मोठा शौक, त्याने आपल्या कोंबड्यांच्या खुराड्याची जुनी जाळी कुमक म्हणून आणिली. पेटीस जाळी ठोकताना रावांचे दोन अंगठे जायबंदी जाहले, म्हणजे एकच अंगठा दोनदा. खाली वर्तमानपत्र अंथरिले. ते शिरस्तेदारांनी अग्रलेखापासून खावयास आरंभ केला आणि उरले त्यावर नाझरांनी मुतून ठेविले. पावसाळ्याचे दिवस, हवा ओलीकच्च, आणि वासाने पेटीबाहेर मुसंडी मारिली. तो अजून पडवीच्या खांबापाशी होता, माजघर दोन हातांवर राहिले होते.

तेव्हा रावांनी मोठी मसलत केली. जी भुई शेणाने सारविली ती शुद्ध, ही कोकणची रीत पणज्या-खापरपणज्यांपासून चालत आली, तिने खळे शुद्ध होते, ओसरी शुद्ध होते, मग पेटी का न व्हावी? विमलाबाईंस पुसावे तर तेथे जीभ रेटेना. म्हणून राव स्वतःच बादली घेऊन शेजारच्या गोठ्यात गेले आणि ज्या हाताने आयुष्यभर शेरे मारिले त्या हाताने पेटीचा तळ सारविला, आणि सारवणात कसूर नको म्हणून चांगला बोटभर थर दिला. कोणी हसेल, पण रावांचा हेतू पवित्र होता. मार्गशीर्षात हेच सारवण घटकेत सुकते. पण श्रावण सरता सूर्यनारायण होते कोठे? सारवण सुकेना ते सुकेनाच, आणि शिरस्तेदार व नाझर त्या चिखलात फेऱ्या घालून पोटापर्यंत हिरवे जाहले, आणि पूर्वीच्या वासास नव्या वासाची जोड मिळाली. बाबुशने कुंपणावरून डोकावून पुशिले, "अरे काशिनाथ, तू पेटी सारवलंस काय उंदीर सारवलंस?" आणि कुंपण धरून हसत सुटला. मित्रच तो, हसावयाचा हक्क त्याचा.

पुढे हरतालिकेचा दिवस उजाडला. कन्या चवथीसाठी घरी आली होती आणि विमलाबाईंचा निर्जळी उपास होता, तोही याच नवऱ्याच्या उदंड आयुष्यासाठी. माजघरात माटवीचे सामान पसरले होते. गणपतीच्या डोक्यावर जी लाकडी चौकट टांगितात ती माटवी, आणि तिला बांधावयास तवसे म्हणजे मोठी काकडी, कांगले, शेंगा, नारळ, जे जे रानात आणि परसात पिकते ते पहिल्याने देवाचे, आणि तोवर घरच्या कोणी तोंडास लावावयाचे नाही. इकडे रावांनी पेटी खरवडण्याकरिता दोघांस बाहेर काढून टोपलीखाली झाकिले आणि टोपलीवर वजन ठेवावयाचे राहिले. राव खरवडण्यात दंग, आणि टोपली पडवीतून आपोआप चालू लागली. माजघराच्या उंबऱ्यास ती अडली, आतल्या स्वाऱ्या अडल्या नाहीत.

विमलाबाई येऊन पाहतात तो शेणाची हिरवी पाउले माजघरभर उमटलेली, आणि देवाचे तवसे, जे त्यांनी वेलावर पानाआड जपून वाढविले होते, ते एका अंगाने शिरस्तेदारांनी आणि दुसऱ्या अंगाने नाझरांनी अर्धे उडविलेले! पोटात पाण्याचा थेंब नाही आणि समोर हे. आता संवत्सराच्या नावाचा गुण उतरला. राव धावत आले, हातात खरवडणी, आणि त्यांना पाहताच दोघे उभे राहून शीळ घालू लागले, त्यायोगे आगीत तेलच पडले. हुकूम निघाला, "पाचवीक गणपती जातलो. त्याच सकाळच्या पयल्या एष्टीन ही दोगां पण जातली." कन्या रडत आत गेली. राव काही बोलू गेले, आणि बाईंनी अर्धे तवसे त्यांच्यापुढे धरिले.

चवथीस गणपती बसला, आरती जाहली आणि घरच्या कर्त्याने देवापुढे गाऱ्हाणे घालावे या रिवाजाने राव उभे राहिले. गाऱ्हाण्याची रीत ऐशी की कर्त्याने एकेक मागणे मागावे आणि जमलेल्यांनी होय म्हणावे. रावांनी खणखणीत आवाज लाविला, "बा देवा गजानना म्हाराजा, आज जी काय तुझी सेवा ह्या लेकरांनी केली ती मान्य करून घे रे म्हाराजा!" सर्व म्हणाले, "व्हय म्हाराजा!" मग लेकीचे शिक्षण, मग कुळाची राखण, आणि त्याच दमात, आवाज न बदलता, "आणि तुझ्याच वाहनाच्या जातीची दोगां पडवीत इली आसत, तेंका एष्टीपासून राख रे म्हाराजा!" बाबुश दाराशी टोपी काढून उभा होता, तो सर्वांहून मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा!" आणि सवयीने विमलाबाईंच्याही मुखातून तेच निघून गेले. निघाल्यावर ध्यानी आले. शब्द देवापुढे पडला होता, पण बाई डगमगल्या नाहीत. प्रसाद वाटता वाटता रावांच्या कानाशी म्हणाल्या, "देवाक सांगलात ता देव बघतलो. एष्टीचा मी बघतलंय."

मग रावांनी आशा सोडिली. पंचमीस पहाटे उठले. पण जन्माची चाकरी हाडीमाशी भिनलेली. बदलीच्या जागी चार्ज द्यावयाचा तो दप्तर साफ करूनच द्यावयाचा, मागाहून कोणी बोट दाखविता कामा नये. हे दोघे जावोत, पण घाणेरडे होते ऐसे यांच्या माघारी कोणी म्हणू नये, इतके तरी आपण करू. ऐसे म्हणून रावांनी कोनाड्यातील केरसुणी, जिला बाई वाडवण म्हणत, हाती घेतली, प्रथम उलटी, मग सुलटी. पेटी धुऊन पुसून चार चिऱ्यांवर चढविली, खाली पत्रा सरकविला, आणि गिरणीवरून आणलेले भाताचे कोरडे तूस आत हातभर पसरिले, आणि वास ऐसा काही उरला नाही. पेटीतला केर पडवीत पडला होता म्हणून पडवी झाडिली. पडवीतला केर खळ्यात म्हणजे पुढल्या अंगणात गेला, तो तेथे कसा ठेवावा? म्हणून खळे झाडिले, आणि रात्रीच्या पावसाने पडलेली पाने, फटाक्यांचे कागद, निर्माल्य, सारे एका बाजूस केले. अर्धवट काम टाकणे हे अव्वल कारकुनास माहीत नव्हते. मग दोघांस करंडीत घातले, वर ताजी हरळी दिली, तो नाझरांनी बोट चाटले, आणि रावांस हुंदका आला तो त्यांनी खोकल्यात दडविला.

इकडे विमलाबाई नित्याप्रमाणे उठून कोनाड्याकडे गेल्या तो केरसुणी नाही. दार उघडतात तो पडवी लख्ख, खळे लख्ख, तुळशीपाशी पान नाही. देवाच्या निरोपाचा दिवस, पाहुणे यावयाचे, आणि झाडलोट होऊन चुकलेली! बाईंनी डोळे चोळून पुन्हा पाहिले. नवऱ्याच्या हाती केरसुणी त्यांनी लग्न होऊन या घरात पाऊल टाकिल्यापासून पाहिली नव्हती, आणि आता ती त्याच्या काखेत होती, एका हातात करंडी, दुसऱ्या हातात छत्री, आणि डोळे लाल. बाई वळल्या. आत गेल्या, चहा ओतला आणि पडवीतील बाकावर येऊन बसल्या. काय करावे ते त्यांस कळेना, कारण या वेळेस त्यांचे हात कधी रिकामे राहिले नव्हते.

दूर स्टँडावर एष्टीचा भोंगा वाजला. राव पायरी उतरू लागले, तो मागून प्रश्न आला, "खंय चललात?"

राव म्हणाले, "एष्टी."

बाईंनी फुंकर घालून चहाचा घोट घेतला. एष्टीचा दुसरा भोंगा वाजला आणि गाडी कुडाळच्या रस्त्यास लागली ऐसे आवाजावरून समजले. मग बाईंनी फर्माविले, "गाडी गेली. ती दोगां ठेवा पेटीत. आणि वाडवण जाग्यार ठेवा, उद्या माजघरातसून सुरवात करा. माजघर आदी, पडवी मागसून."

येणेप्रमाणे तह जाहला. करंडीचे झाकण उघडले, शिरस्तेदार व नाझर यांस हापूसची पेटी वंशपरंपरा इनाम मिळाली, दोघेही नर असल्याकारणे वंशाची चिंता नव्हती, आणि कन्येने आतून धावत येऊन बापास मिठी मारिली. काशिनाथराव जिंकले, आणि पेटी, पडवी, खळे व माजघर इतका मुलूख केरसुणीखाली तहहयात त्यांच्याकडे आला. त्या दिवशी सूर्योदयास विमलाबाई तोंडवळकर या घरात प्रथमच बसून, चहा गरम असताना प्याल्या, आणि कोणी हाक मारिली नाही म्हणून दुसरा पेलाही बसूनच प्याल्या, हे फत्तेनाम्यात नमूद केले असे.