मीरासाहेबांची कॉफी

पत्र आलं तेव्हा मीरासाहेब परसात कॉफीच्या झाडांना पाणी घालत होते. लेकीचे सासरे बरकतभाई यांनी चिकमगळूरहून लिहिलं होतं, 'महिन्याभरात येतो. तुमच्या झाडांची कॉफी प्यायला.'

तीन वर्षांपूर्वी लग्नात बरकतभाईंनी सहा रोपं मोठ्या हौसेनं दिली होती. इथं मोशीत, आंब्याच्या सावलीला ती जगली, एवढंच. यंदा कुठं झाडाला चार-दोन हिरवी फळं धरली होती. आणि मीरासाहेब मात्र दर पत्रात 'झाडं लगडलीत' असं कळवून मोकळे झाले होते. बरकतभाई पडले कॉफीच्या मळ्यावरचे मुकादम!

"खरं ते सांगून टाका," बायको गौहर म्हणाली.

"व्याह्याला? डोकं फिरलंय का तुझं?"

त्यांनी तडक सायकल काढली आणि चिंचवडहून खताची, अमोनियम सल्फेटची गोणी आणली. दुकानदारानं झाडाला चिमूटभर सांगितलं होतं. चिमटीनं जमत असेल तर ओंजळीनं लवकर जमेल, या हिशेबानं मीरासाहेबांनी ओंजळी ओतल्या. पंधरवड्यात पानं तळहाताएवढी झाली आणि फळं गळू लागली.

शेजारचे दत्तोबा कुंपणावरून बघत होते. "मीरासाब, ह्यो निस्ता पाला झाला. सल्फेट पानाला. फळाला राख लागती, राख!"

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं व्हय?"

मग मीरासाहेबांनी आळीतल्या झाडून साऱ्या चुली रिकाम्या केल्या. "आता भांडी कशानं घासू, माझ्या डोक्यानं?" असं समोरच्या घरातल्या अंबूबाई ओरडत राहिल्या आणि त्यांची राखही गेली. तोवर बरकतभाईंचा यायचा दिवस उजाडला. पानाला सल्फेट, फळाला राख, दोन्ही सारखं पडलं की झाला समतोल, असं ठरवून मीरासाहेबांनी उरलेलं सल्फेट आणि सहा पाट्या राख एकत्र कालवली, बुंध्यांना घातली आणि वर घागरी ओतल्या.

थोड्याच वेळात असा उग्र दर्प सुटला की आळीभर माणसं डोळे पुसू लागली. शेळीनं दावं तोडून वेस गाठली. अंबूबाई नाकाला पदर लावून धावत आल्या. दत्तोबा खोकत खोकत सगळ्यांना सांगत सुटले, "मी राख घाल म्हनलं, कालव न्हाई म्हनलं!"

त्याच गर्दीतून नाकाला रुमाल लावलेले बरकतभाई आत शिरले.

"व्याहीसाहेब, सल्फेट आणि राख एकत्र?"

"समतोल साधत होतो," मीरासाहेब पुटपुटले.

"अहो, दोघांचं भांडण लावलंत! राख भेटली की सल्फेटचा सगळा जोर असा हवेत उडतो. आधी माती बघायची. झाडाला काय कमी आहे तेच द्यायचं, थोडं थोडं, आणि ही दोन्ही कधी एका दिवशी नाही."

ट्रंक ओट्यावर ठेवून त्यांनी बाह्या सरसावल्या. दोघांनी मिळून तो सगळा चिखल खरवडून काढला. फळं उरली होती अकरा.

मीरासाहेबांना राहवलं नाही. "व्याहीसाहेब, झाडं कधीच लगडली नव्हती. मी थापा मारल्या."

बरकतभाई हात झटकून ओट्यावर बसले.

"मळ्यात खत साहेब मोजून घालतात," ते हळूच म्हणाले. "घरच्या चार झाडांना मी घालतो. पाच वर्षं झाली, नुसता पाला. म्हटलं, तुमची लगडलीत, तर तुम्ही काय घालता ते एकदा विचारून यावं."